साहाय्यक मेथड (वेब चाचणी)

संकेतस्थळांच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये वारंवार लागणाऱ्या कृती एकदाच लिहून सर्व चाचण्यांसाठी उपलब्ध करून देणाऱ्या छोट्या आज्ञावलींना साहाय्यक मेथड असे म्हणतात. घटक शोधणे, मजकूर भरणे, बटण दाबणे आणि अपेक्षित बदल दिसेपर्यंत थांबणे ही त्यांची नेहमीची कामे होत. या लेखातील उदाहरणे सेलेनियम या साधनातील आहेत.

पार्श्वभूमी

सेलेनियमची सुरुवात २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्स या कंपनीत काम करत असताना केली. पुढे सायमन स्टुअर्ट यांचा वेबड्रायव्हर प्रकल्प त्यात विलीन होऊन २०११ मध्ये सेलेनियम २ प्रसिद्ध झाले. वेबड्रायव्हरच्या आज्ञा अगदी मूलभूत आहेत. त्यामुळे ‘सनोंद प्रवेश’ ही वापरकर्त्याच्या लेखी एकच असलेली कृती लिहायलाही पाच-सहा ओळी लागतात. त्या ओळी चाळीस चाचण्यांत उतरवल्या आणि नंतर बटणाचा आयडी बदलला, तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. साहाय्यक मेथड असल्यास ती एकाच ठिकाणी करून भागते.

एका पानाशी संबंधित अशा मेथड एकाच क्लासमध्ये ठेवण्याच्या रचनेला ‘पेज ऑब्जेक्ट’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २०१३ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. निकाल तपासण्याचे काम चाचणीकडेच ठेवावे, पेज ऑब्जेक्टकडे देऊ नये, असे सेलेनियमचे दस्तऐवज सुचवतात.

प्रतीक्षा

साहाय्यक मेथडचा खरा कस येथे लागतो. आजची बहुतेक पाने जावास्क्रिप्टद्वारे तुकड्यातुकड्याने उमटतात. पान उघडले म्हणजे बटण तयार झाले असे नाही. नवशिक्या चाचणीकार येथे ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ घालतो. बटण एका सेकंदात आले तर चार सेकंद वाया जातात, सहा सेकंदांनी आले तर चाचणी कारण नसताना अनुत्तीर्ण होते. त्याऐवजी अट पूर्ण होईपर्यंत थांबणारी मेथड लिहितात. सेलेनियमची जावा आवृत्ती अशी अट मुळात दर ५०० मिलिसेकंदांनी तपासते आणि कमाल मुदत संपल्यावरच त्रुटी देते. सर्वत्र लागू होणारी अंतर्निहित प्रतीक्षा आणि अशी अटबद्ध प्रतीक्षा एकत्र वापरू नये. १० आणि १५ सेकंदांच्या अशा दोन मुदती मिळून २० सेकंदांनी मुदत संपू शकते, असा इशारा सेलेनियमच्या दस्तऐवजांत आहे.

मेथडला सापडलेला घटक देण्यापेक्षा तो शोधण्याचा पत्ता (आयडी किंवा सीएसएस सिलेक्टर) देणे श्रेयस्कर ठरते. पानाचा भाग पुन्हा रेखाटला गेला की आधी शोधलेला घटक कालबाह्य होतो. पत्ता हाती असल्यास तो नव्याने शोधता येतो.

त्रुटी लपवण्याचा धोका

कोणतीही त्रुटी आली की निमूटपणे ‘नाही’ असे उत्तर देणारी मेथड सोयीची वाटते, पण घातक असते. ‘त्रुटीसंदेश दिसत नाही’ हे तपासणारी चाचणी अशा मेथडवर विसंबली, तर पान मुळीच उघडले नसतानाही ती उत्तीर्ण होते. हे बिघडलेल्या चाचणीपेक्षा वाईट, कारण कोणी शोध घ्यायला जात नाही. म्हणून मेथडने फक्त अपेक्षित त्रुटीच हाताळाव्यात. इतर वेळी कोणता घटक, कोणत्या अटीसाठी आणि किती वेळ शोधला हे संदेशात नोंदवून चाचणी तिथेच थांबू द्यावी.