दोन खंडांचे विजेते, पण मैदान कुणाचे?

युरोपचा विजेता फुटबॉल क्लब आणि दुसऱ्या एखाद्या खंडाचा विजेता क्लब समोरासमोर येणार म्हटले की वर्तमानपत्रांची क्रीडापाने फुलून जातात. कुणाचा आघाडीवीर भारी, कुणाचा गोलरक्षक भक्कम, याची चर्चा रंगते. असा सामना पुन्हा येईल तेव्हाही हीच चर्चा होईल. मात्र हे दोन विजेते मैदानावर ज्या वाटेने आले, त्या वाटा सारख्या होत्या काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्ही वकील मंडळी निकालाआधी नियम वाचतो. म्हणून या सामन्याचे नियमच वाचून पाहू.

या सामन्याची परंपरा 1960 ची. त्या वर्षी युरोपचा विजेता रियाल माद्रिद आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता उरुग्वेचा पेन्यारोल यांच्यात आंतरखंडीय चषकाची पहिली लढत झाली. मोंतेव्हिदेओत गोलशून्य बरोबरी, माद्रिदमध्ये 5-1 असा रियालचा विजय. पुढे 2004 पर्यंत हा चषक चालला. 2017 मध्ये फिफाच्या परिषदेने या चषकाच्या विजेत्यांना जगज्जेते म्हणून मान्यता दिली. ही बैठक झाली आपल्या कोलकात्यात! आता गंमत पाहा. ज्या चषकात आफ्रिकेला बोलावणे नव्हते, आशियाला नव्हते, त्याचे विजेते मात्र साऱ्या जगाचे विजेते! दोन घरांनी आपसात निवडणूक घ्यायची आणि साऱ्या गावाचा सरपंच ठरवायचा, असाच हा प्रकार.

बोलावणे नव्हते म्हणून आफ्रिका मैदानात नव्हती काय? होती! 1962 चा सामना आठवा. ब्राझीलचा सांतोस आणि पोर्तुगालचा बेनफिका. सांतोसकडे एकवीस वर्षांचा पेले, बेनफिकाकडे वीस वर्षांचा युसेबियो. हा युसेबियो जन्मला मोझांबिकमध्ये. बेनफिकाचा कर्णधार कोलुना, तोही मोझांबिकचाच. सांतानाचा जन्म अंगोलातला. हे दोन्ही देश तेव्हा पोर्तुगालच्या गुलामीत होते. 1961 पासून अंगोलात स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा सुरू झाला होता. ज्या मातीतल्या माणसांवर पोर्तुगाल बंदूक रोखत होता, त्याच मातीतल्या पोरांच्या पायांवर तो युरोपचा विजेता म्हणून मिरवत होता. रिओतला पहिला सामना सांतोसने 3-2 असा जिंकला, त्यात बेनफिकाचे दोन्ही गोल सांतानाचे. लिस्बनमध्ये पेलेने तीन गोल केले आणि सांतोसने 5-2 अशी बाजी मारली. पेले हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा वंशज. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती 1888 मध्ये, म्हणजे या सामन्याच्या अवघ्या 74 वर्षे आधी. कागदावर तो सामना युरोप विरुद्ध दक्षिण अमेरिका असा होता. मैदानावर मात्र दोन्ही बाजूंनी आफ्रिकेचे रक्त खेळत होते. पाहुण्यांच्या यादीत तेवढे तिचे नाव नव्हते!

ब्राझीलमध्ये तरी काळ्या खेळाडूला मैदान सहज मिळाले काय? मुळीच नाही. रिओचा वास्को द गामा हा क्लब 1898 मध्ये स्थापन झाला. 1923 मध्ये वरच्या गटात पाऊल ठेवताच त्याने रिओची स्पर्धा जिंकली. संघात काळे खेळाडू होते, गोरे कष्टकरीही होते. काळ्या खेळाडूंना घेणारा तो पहिला क्लब नव्हता. पण त्यांना घेऊन तो जिंकला, हाच त्याचा गुन्हा ठरला! प्रस्थापित क्लबांनी 1924 मध्ये नवी संघटना काढली. तिने वास्कोला सांगितले की, तुमचे बारा खेळाडू काढा, मग या. कारण काय दिले? रंगाचा उल्लेख कुठेही नाही. खेळाडूचा व्यवसाय काय, त्याला लिहिता-वाचता येते काय, त्याची सामाजिक पायरी कोणती, अशी चौकशी. क्लबला स्वतःचे साजेसे मैदान नाही, हीसुद्धा तक्रार.

इथेच खरी गोम आहे. नियम दिसायला सर्वांना सारखा असतो. पण ज्याला शाळेचे दार बंद ठेवले, त्यालाच विचारायचे की तुला सही येते का? ज्याला हमालीखेरीज काम दिले नाही, त्यालाच विचारायचे की तुझा व्यवसाय प्रतिष्ठित आहे का? आधी वंचित ठेवायचे आणि मग त्या वंचनेलाच अपात्रता म्हणायचे! या पानाच्या वाचकाला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

वास्कोचे अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी 7 एप्रिल 1924 रोजी उत्तर पाठवले. या खेळाडूंनी क्लबला विजय मिळवून दिला आहे, त्यांचा बळी देऊन आम्हाला तुमच्यात यायचे नाही, असा त्याचा आशय. ब्राझीलमध्ये ते पत्र ऐतिहासिक उत्तर म्हणून ओळखले जाते. पुढच्याच वर्षी वास्कोला त्या संघटनेत घ्यावे लागले. मैदान नाही म्हणून हिणवलेल्या या क्लबने सभासदांच्या वर्गणीतून साओ जानुआरियो हे भव्य मैदान बांधले आणि 1927 मध्ये ते खुले केले. हाच वास्को 1998 मध्ये दक्षिण अमेरिकेचा विजेता म्हणून टोकियोत रियाल माद्रिदसमोर उभा राहिला. सामना 2-1 असा रियालने जिंकला. तरीही बारा माणसांना न सोडणारा क्लब तिथवर पोहोचला, हे त्या निकालाहून मोठे आहे.

आता हिशेब पाहू. 1960 ते 1995 या काळात हा चषक दक्षिण अमेरिकेने 20 वेळा, तर युरोपने 14 वेळा जिंकला. 1981 मध्ये झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला टोकियोत 3-0 असे लोळवले होते. मात्र 1996 ते 2004 या नऊ वर्षांत युरोप सात वेळा जिंकला, दक्षिण अमेरिका फक्त दोन वेळा. असे काय घडले?

15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने बोसमान खटल्याचा निकाल दिला. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोसमान याचा करार संपला होता, तरी क्लब त्याला पैसे घेतल्याशिवाय सोडायला तयार नव्हता. न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. युरोपीय संघातील देशांच्या खेळाडूंवरील संख्येची मर्यादाही रद्द केली. निकाल न्याय्यच होता. करार संपलेला कामगार मालकाची मालमत्ता कशी राहील? पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, युरोपीय क्लबांतील परदेशी खेळाडूंच्या जागा मोकळ्या झाल्या आणि श्रीमंत क्लबांनी दक्षिण अमेरिकेतून खेळाडू उचलायला सुरुवात केली. दूरचित्रवाणीचा पैसाही युरोपकडेच वाहत होता. चांगला निकालसुद्धा विषम बाजारात उतरला की बलवानाच्याच कामी येतो. म्हणून आज युरोपच्या विजेत्या संघात दक्षिण अमेरिकेचीच पोरे गोल करताना दिसतात.

या विषमतेवर कळस चढवला तो नव्या आंतरखंडीय चषकाने. 2024 मध्ये रियाल माद्रिद थेट अंतिम सामन्यात! मेक्सिकोच्या पाचुकाला मात्र 11 डिसेंबरला बोताफोगोशी, 14 डिसेंबरला इजिप्तच्या अल अहलीशी झुंजावे लागले आणि 18 डिसेंबरला ताज्यातवान्या रियालसमोर उभे राहावे लागले. निकाल 3-0. बोताफोगो तर 8 डिसेंबरला ब्राझीलची लीग जिंकून तिसऱ्या दिवशी दोहात खेळत होता, आणि 3-0 हरला. 2025 मध्ये हीच पाळी फ्लामेंगोवर आली. दोन सामने खेळून तो पॅरिस सेंट जर्मेनसमोर आला, 1-1 अशी बरोबरी साधली आणि पेनल्टीवर हरला.

उलट जून 2025 मध्ये क्लब विश्वचषकात सर्वांना गटातूनच सुरुवात करावी लागली. तिथे त्याच बोताफोगोने युरोपचा विजेता पॅरिस सेंट जर्मेनला 1-0 असे हरवले. फ्लामेंगोने चेल्सीला 3-1 असे नमवले. आफ्रिकेचेही तेच. 2010 मध्ये काँगोच्या मझेंबेला संधी मिळताच त्याने ब्राझीलच्या इंतरनासियोनालला 2-0 असे हरवून अंतिम फेरी गाठली होती. गुणवत्ता नव्हती असे नाही, दार बंद होते!

2024 च्या त्या अंतिम सामन्यात रियालचा तिसरा गोल व्हिनिसियसचा होता. रिओजवळच्या साओ गोन्सालोचा हा काळा पोरगा. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याला माकड म्हणून हिणवले. तो गप्प बसला नाही. जून 2024 मध्ये स्पेनच्या न्यायालयाने तिघांना प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा ठोठावली. फुटबॉल मैदानावरील वंशद्वेषी शिवीगाळीबद्दल त्या देशात झालेली ही पहिली शिक्षा. 1924 चे पत्र आणि 2024 चा निकाल यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे.

म्हणूनच पुढचा सामना जरूर पाहा, टाळ्याही वाजवा. पण शिट्टी वाजण्याआधी तीन गोष्टी विचारा. कोण किती सामने खेळून इथवर आला? कोण घरी बसून आला? आणि विजेत्याच्या अंगावरील सदरा कोणत्याही देशाचा असो, त्यातले पाय कुणाचे आहेत? खेळ समान तेव्हाच होतो, जेव्हा सुरुवातीची रेषा सर्वांसाठी एकाच जागी आखलेली असते.