'काका' लिहायला बोट किती चालतं?

कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट कीबोर्डने 'काका' लिहायला चार कळा दाबाव्या लागतात: क, काना, क, काना. क उजव्या हाताखाली, इंग्रजी 'के'च्या जागी. काना डावीकडे, 'ई'च्या जागी. दोन्ही हात कामाला असले की हा शब्द तबल्याच्या बोलासारखा निघतो. एक हात कळ दाबतो तोवर दुसरा तयार असतो. मांडणीच तशी आहे. बरीचशी व्यंजनं उजवीकडे, स्वर आणि मात्रा डावीकडे.

आता हेच एका बोटाने करून बघा. नेहमीच्या कीबोर्डवर या दोन कळांमध्ये सुमारे १० सेंटिमीटर अंतर असतं. तीन खेपा होतात. म्हणजे चार कळांच्या एका शब्दासाठी बोट जवळजवळ फूटभर चालून येतं! दोन हातांसाठी जो गुण, तोच एका बोटासाठी दोष.

बोटाच्या या चालण्याचा हिशोब पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. पण अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, आणि लक्ष्यही त्याच प्रमाणात रुंद केलं तर वेळ वाढतच नाही. एकबोटी कीबोर्ड बनवणाऱ्यांना यातून दोन युक्त्या मिळाल्या: वारंवार लागणाऱ्या कळा जवळ आणा, नाहीतर मोठ्या करा.

ज्याँ इश्बिया यांनी दोन्ही वापरल्या. 'एडा' या प्रोग्रामिंग भाषेचे हे मुख्य रचनाकार. त्यांचा 'फिटाली' कीबोर्ड एका बोटासाठी किंवा पडद्यावर टेकवायच्या लेखणीसाठी होता. इंग्रजीत साधारण दर पाच-सहा कळांमागे एकदा स्पेस लागते. म्हणून त्यांनी स्पेसच्या दोन रुंद कळा थेट मधल्या ओळीत ठेवल्या, त्यांच्यामध्ये एन आणि ई बसवले आणि नेहमीची अक्षरं भोवती गोळा केली. खालच्या कडेची लांबलचक स्पेस पट्टी अंगठ्यांच्या सोयीची, हे अशी मांडणी पाहिल्यावरच लक्षात येतं.

पण 'एक बोट' आणि 'एक हात' हे एकच दुखणं नव्हे, आणि मांडणी निवडताना नेमका इथेच घोळ होतो. एका हाताला पाच बोटं आहेत. तिथे प्रश्न बोट किती चालतं हा नसून हात जागेवरून हलू नये, हा आहे. ऑगस्ट ड्वोरॅक यांच्या नावाने फक्त डाव्या आणि फक्त उजव्या हाताच्या वेगळ्या मांडण्या आहेत. विंडोजमध्ये त्या फुकट मिळतात. मात्र सगळं नव्याने शिकावं लागतं. मनगट प्लास्टरमध्ये असेल तर या वाटेला जाऊच नये, मांडणी हाताला बसेपर्यंत प्लास्टर निघालेलं असेल. आयुष्यभर एकाच हाताने लिहायचं असेल तर हिशोब निराळा.

मला खरी थक्क करणारी वाटते ती 'हाफ-क्वर्टी', नेहमीच्या इंग्रजी 'क्वर्टी' कीबोर्डची एकहाती आवृत्ती. कॅनडातल्या एडगर मटायस यांनी ती १९९० च्या दशकात पुढे आणली. अंगठ्याने स्पेस दाबून धरली की कीबोर्ड आरशासारखा उलटतो आणि उजव्या तर्जनीचं अक्षर डाव्या तर्जनीखाली येतं. टायपिंग येणाऱ्याला फारसं नवं शिकावंच लागत नाही, कारण एका हाताच्या बोटाला येणारी हालचाल दुसऱ्या हाताच्या त्याच बोटालाही बरीचशी येत असते. चाचणीत लोकांनी सुमारे आठ तासांच्या सरावात आपल्या दोन हातांच्या वेगाच्या निम्मा वेग गाठला.

मराठीत एका बोटाचं उत्तर फोनवर सापडतं. आयआयटी मुंबईच्या 'स्वरचक्र'मध्ये व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने आहेत. क वर बोट टेकवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं. हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. मात्रा शोधायला बोट कुठे जात नाही, मात्राच बोटापाशी येते.

कॉम्प्युटरवर मात्र पंचाईत. इन्स्क्रिप्टमध्ये ख म्हणजे शिफ्ट आणि क एकदम. एका बोटाने दोन कळा धरणार कशा? त्यासाठी विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' ही सोय आहे. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की जी खिडकी उघडते आणि आपण वैतागून बंद करतो, तीच. ती सुरू केली की शिफ्ट आधी दाबून सोडायची आणि अक्षर मागून दाबायचं.

आणि इन्स्क्रिप्टच हाफ-क्वर्टीसारखी दुमडली तर? तशी मांडणी कुणी वापरतं म्हणून नव्हे, पण कागदावर करून बघण्यासारखी आहे. डाव्या हाताने लिहायचं, तर क येऊन बसतो नेमका पाय मोडायच्या कळेवर, 'डी'च्या जागी. काना त्याच्या लगेच वर. 'काका'ची फूटभर चाल सहा-सात सेंटिमीटरवर येते. आणि 'पक्का'? प साठी तर्जनी, मग मधलं बोट एकाच कळेवर तीनदा, फक्त अंगठा खाली, वर, खाली. शेवटी वरच्या ओळीतला काना.