चवदार तळ्याचे पाणी आठवते. सांडलेले रक्त आठवते काय?

दरवर्षी २० मार्चला क्रांतिभूमी महाडला जनसागर लोटतो. मुंबई-पुण्याहून, मराठवाड्यातून, विदर्भातून गाड्या येतात. चवदार तळ्यावर लोक बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करतात, ओंजळभर पाणी घेतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तके घेऊन जातात. रायगडाच्या वाटेवरील आमच्या नात्यासारख्या गावांच्या बौद्धवाड्यांतूनही माणसे सकाळीच निघतात. मुंबईचे चाकरमानी आदल्या रात्री गावी मुक्कामाला असतात. संध्याकाळी सगळे सुखरूप घरी परततात.

'सुखरूप' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. कारण ज्या दिवसाची आठवण म्हणून आपण महाडला जातो, त्या दिवशी परिषदेला आलेल्या आपल्या माणसांची परतीची वाट सुखरूप नव्हती. आपली भाषणे तळ्याच्या पाण्यापाशी येऊन थांबतात. पुढे जे घडले त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तळे कागदावर खुले होते. पण तिथे ओंजळ बुडविण्याची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक बाजारातून तळ्यावर गेली आणि हजारो माणसे प्रथमच ते पाणी प्याली.

त्यानंतर दोन तास झाले नाहीत तोच गावात अफवा उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. ही अफवा साफ खोटी होती. पण सनातन्यांना निमित्त हवे होते. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. परिषदेला आलेली बरीच माणसे परतीच्या तयारीत होती, काही अजून जेवत होती. त्यांचे अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली, हाती लागेल त्याला झोडपले. रस्त्यात एकटा-दुकटा सापडेल त्याला गाठून मारले. काहींनी मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा घेतला म्हणून ते वाचले. सुमारे २० जण जबर जखमी झाले. एवढ्यावर जातीयवाद्यांचे समाधान झाले नाही. गावोगावच्या आपल्या माणसांना निरोप गेले आणि परिषदेहून परतणाऱ्यांना त्यांच्या गावांतही मार बसला.

त्या वेळी डाक बंगल्यावर बाबासाहेबांभोवती शे-सव्वाशे तरणेताठे लोक जमले होते. हा मुलूख लष्करी पेन्शनरांचा. बंदूक चालविलेले हात त्या गर्दीत होते. एका शब्दाची खोटी होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. उलट शिस्त पाळा, कायदा हातात घेऊ नका, असे बजावले. फिर्याद झाली, खटला चालला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार खाऊनही हात न उचलणे हा भित्रेपणा नव्हता. मार देणाऱ्याला न्यायासनासमोर उभे करण्याचा तो निर्धार होता.

आता आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. त्या मार खाल्लेल्या माणसांपैकी पाच जणांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, आर. बी. मोरे, सहस्रबुद्धे ही नावे आपल्याला पाठ आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण ज्यांची डोकी फुटली, जे रक्ताळलेल्या मुंडाशाने घरी पोहोचले, ते आपल्या बोलण्यात 'जखमी' एवढ्या एका शब्दात मावतात.

आमच्या नाते गावाचेच पाहा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे हे जन्मगाव. गावाला त्यांचा अभिमान आहे, तो रास्त आहे, आम्हालाही आहे. मोठ्या माणसाचे नाव पुस्तकात राहते, शाळेत राहते. परंतु १९२७ साली याच परिसरातल्या महारवाड्यांतून जी माणसे चालत महाडला गेली, त्यांना स्मरणात ठेवणारी शाळा कोणती? त्यांची शाळा म्हणजे आपली चळवळ. तिनेच त्यांना विसरून कसे चालेल?

महाडच्या दिवसाला लागूनच जगाच्या इतिहासातला एक दिवस येतो. २१ मार्च १९६०. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीने काळ्या माणसाला स्वतःच्या देशात पास घेऊन फिरण्याची सक्ती केली होती. रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसने हाक दिली की, पास घरी ठेवा आणि पोलीस ठाण्यावर जाऊन अटक करून घ्या. शार्पव्हिल या वस्तीत निःशस्त्र लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. अनेकांना पळताना पाठीत गोळ्या लागल्या. सरकारी आकडा ६९ मृतांचा. तिथे पास होता, इथे पाणवठा होता. तिथे वर्णद्वेषाचा कायदा होता, इथे मनूचा धर्म होता. महाडला गोळी चालली नाही, लाठी चालली. पण आपल्या पायरीवर राहा, हे सांगण्याची रीत एकच.

फरक पुढे आहे. शार्पव्हिलच्या लोकांनी आपली माणसे आकड्यात हरवू दिली नाहीत. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ मार्च हा वंशभेदविरोधी दिन म्हणून जाहीर केला. नेल्सन मंडेला यांनी नव्या राज्यघटनेवर १० डिसेंबर १९९६ रोजी सही केली ती शार्पव्हिललाच. त्याच वर्षी सत्य व सलोखा आयोगासमोर अत्याचारग्रस्तांच्या जाहीर साक्षी सुरू झाल्या. साध्या बायाबापड्यांनी आपापल्या भाषेत आपल्या मेलेल्या मुलांची, बेपत्ता नवऱ्यांची नावे सांगितली आणि देशाने ती ऐकली. प्रिटोरियाच्या फ्रीडम पार्कमध्ये भिंतीवर हजारो नावे कोरली आहेत. शोध अजून थांबलेला नाही. अलीकडे दोन इतिहास संशोधकांनी जुनी कागदपत्रे आणि लोकांच्या आठवणी तपासून दाखवून दिले की, शार्पव्हिलचे मृत ६९ नव्हते, किमान ९१ होते. साठ वर्षांनंतरही सरकारी आकडा खोटा ठरविता आला, कारण कोणीतरी नावे शोधत राहिले.

तिथे सगळा न्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. अनेक गुन्हेगार मोकळे राहिले, भरपाई तुटपुंजी मिळाली. पण अन्याय झाला, कोणावर झाला आणि कोणी केला, हे तरी लिहिले गेले.

आपल्याला ही रीत परकी नाही. नामांतराच्या लढ्यातील पोचीराम कांबळे यांचे नाव आपण विसरलो नाही. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या दहा जणांना त्यांची वस्ती विसरली नाही. मग या साऱ्या लढ्यांची सुरुवात जिथे झाली, तिथलीच माणसे बेनाव का राहावीत?

काही जण म्हणतील, जुन्या जखमा उकरून काय मिळणार? त्यांना आम्ही 'बहिष्कृत भारत' वाचायला सांगू. दंगलीनंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी हे पत्र सुरू केले. त्यात महाडच्या धर्मसंगराबद्दल लिहिताना त्यांनी वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी सांगितली, इंग्रज सरकारची सांगितली आणि अस्पृश्य वर्गाचीही सांगितली. बाबासाहेबांनी जखम झाकली नाही आणि सूडही शिकविला नाही. त्यांनी जबाबदारी मागितली. स्मरणाचा अर्थ हाच आहे.

कारण विसरण्याची सोय नेहमी अत्याचार करणाऱ्याला होते. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाची मनाई आली. अस्पृश्यांना बंदी ही पूर्वापार वहिवाट आहे, असा दावा करण्यात आला. तो मोडून काढायला १७ मार्च १९३७ पर्यंत हायकोर्टात लढावे लागले. ज्यांनी मार खाल्ला, त्यांनी ते पाणी हक्काने मिळण्यासाठी दहा वर्षे वाट पाहिली. काही जणांनी तो निकाल पाहिलाही नसेल.

म्हणून आमची सूचना अशी. २०२७ हे सत्याग्रहाच्या शताब्दीचे वर्ष आहे. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, दापोली, मंडणगडच्या प्रत्येक बौद्धवाडीने, तिच्या गावकमिटीने आणि मुंबई मंडळाने एक वही घालावी. आपल्या वाडीतून परिषदेला कोण गेले होते, कोणाला मार बसला, कोणाचे धान्य-पाणी बंद झाले, हे घरातल्या जुन्या माणसांकडून लिहून घ्यावे. 'बहिष्कृत भारत'चे अंक आणि कोर्टाची कागदपत्रे यांच्याशी ते ताडून पाहावे. खातरी होईल तेवढेच नाव धरावे. फुगवून एकही लिहू नये. आणि २० मार्चला तळ्यावर भाषणे सुरू होण्यापूर्वी ती नावे मोठ्याने वाचावीत.

आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट वहीत उतरली नाही, तर आजीबरोबर जाते. नात्याहून महाडला जाताना आज आपल्याला कोणी अडवत नाही. ही वाट कोणी मोकळी केली, त्यांची नावे तरी आपल्या तोंडी असू द्या. पाण्याचा हक्क आपण त्यांच्याकडून घेतला आहे. त्यांच्या रक्ताची नोंद ठेवणे हे आपले देणे आहे.

जयभीम!