ताबानानचे सुबाक : पाण्याची वाटणी आणि किडीचा बंदोबस्त

इंडोनेशियातील बाली बेटावर ताबानान हा जिल्हा आहे. त्याच्या उत्तरेस २,२७६ मीटर उंचीचा बातुकारू पर्वत असून दक्षिणेस हिंदी महासागर आहे. डोंगरातून येणारे पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांतून खाली उतरत जाते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली जमीन सुपीक असल्यामुळे या जिल्ह्यास बालीचे धान्याचे कोठार म्हणतात.

येथील पाण्याची व्यवस्था 'सुबाक' नावाचे शेतकरी संघ पाहतात. एकाच पाटाचे पाणी घेणारे शेतकरी एका सुबाकचे सभासद असतात. त्यांच्या प्रमुखास 'पेकासेह' म्हणतात. पाटात आडव्या बसविलेल्या लाकडास खाचा पाडून पाणी विभागतात. ज्याचा हिस्सा मोठा, त्याची खाच रुंद. पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करावयाची व नियम मोडणाऱ्याने दंड भरावयाचा, अशी रीत आहे.

परंतु सुबाकचे काम पाणी वाटण्यापुरतेच नाही. लावणीच्या तारखाही शेजारचे सुबाक पाण्याच्या देवळांच्या आश्रयाने एकविचाराने ठरवितात. सर्वांनी एकदम लावणी केल्यास पाणी अपुरे पडते. प्रत्येकाने मनास येईल तेव्हा केल्यास किडीला बारमाही खाद्य मिळते. म्हणून वरच्या व खालच्या सुबाकांच्या पाळ्या लावतात. मात्र एका पाळीतील सर्व खाचरे कापणीनंतर एकाच वेळी मोकळी ठेवतात. खाद्य न मिळाल्यामुळे कीड व उंदीर कमी होतात.

१९७० नंतरच्या दशकात लवकर तयार होणाऱ्या नव्या जाती आल्या आणि पिकामागून पीक घेण्याचा आग्रह झाला. पाळ्या मोडल्या. पाण्याची ओढाताण व किडीचा उपद्रव वाढला. अखेर शेतकरी जुन्या पाळ्यांकडे वळले. तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवामुळे १९८६ साली इंडोनेशिया सरकारने ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला. पुढे १९९३ साली लान्सिंग व क्रेमर या संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने गणित मांडून या पाळ्यांची उपयुक्तता दाखवून दिली.

२०१२ साली युनेस्कोने सुबाकचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून मान्य केला. त्यात ताबानानमधील जातिलुविहची खाचरे येतात. ती पाहण्यास प्रवासी येतात; परंतु बालीत भातजमिनीवर हॉटेले व बंगले उभे राहत आहेत. वरची जमीन गेली की खालच्यांचे पाट व पाळ्याही धोक्यात येतात.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी यातून एवढे ध्यानात घ्यावे की, कीड बांध ओळखत नाही. एकट्याच्या फवारणीपेक्षा शिवाराने मिळून ठरविलेली लावणी अधिक उपयोगी पडते.