दात कशाने सरकतात?

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ अंगठा चोखताना दिसलं की आईबाप हरखून जातात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले पीटर हेपर यांनी गर्भात अंगठा चोखणारी ७५ बाळं हेरून ठेवली आणि ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली. २००५ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: पोटात उजवा अंगठा चोखणारी ६०च्या ६० मुलं उजव्या हाताने काम करणारी निघाली, तर डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी.

म्हणजे ही सवय लाडाने लागलेली नसते. मूल ती घेऊनच येतं. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं ती आपोआप सोडतात. काळजी करायची ती सवय त्यापुढे टिकली तर, कारण सहाव्या-सातव्या वर्षी समोरचे कायमचे दात येऊ लागतात.

पण एवढासा मऊ अंगठा दात हलवतो कसा? दात हाडात घट्ट रोवलेला नसतोच. त्याचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग जाडीचा तंतूंचा पडदा असतो. चावताना दाढांवर कित्येक किलोंचा भार येतो, पण तो क्षणभरच. हा पडदा तो सहज पचवतो. हलका दाब मात्र रोज साधारण सहा तास राहिला, की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं आणि दात चालू लागतो. तारा लावणारे डॉक्टर याच नियमावर पोट भरतात!

एरवी आतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठ यांच्या ओढाताणीत दातांची रांग तोल सांभाळून उभी असते. अंगठा तोंडात गेला की जीभ खाली दबते आणि गालांना रान मोकळं मिळतं. वरचा जबडा अरुंद होतो, टाळू खोल जातो, वरचे दात पुढे येतात, खालचे आत वळतात. मधली फट इतकी वाढते की मुलाला समोरच्या दातांनी पोळीचा तुकडाही तोडता येत नाही. सवय वेळेत सुटली तर ही फट बहुधा आपोआप मिटते, कारण तेच ओठ आणि तीच जीभ दातांना परत जागेवर आणतात. अरुंद झालेला जबडा मात्र सहसा स्वतःहून रुंदावत नाही. तिथे दंतवैद्यच हवा.

आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे अंगठ्याला कडुनिंब, नाहीतर मिरची. मिरचीचा हात डोळ्याला लागतो, तेव्हा ती नकोच. आणि रागावून काय साधणार? मूल अंगठा चोखतं ते झोप आली, कंटाळा आला किंवा भीती वाटली म्हणून; ओरडा खाल्ला की भीती वाढते आणि अंगठा पुन्हा तोंडात! त्यापेक्षा तो नेमका केव्हा जातो ते पाहावं, त्या वेळी हाताला काम द्यावं. पाच वर्षांच्या मुलाला कटात सामील करून घेता येतं: अंगठ्याविना गेलेल्या दिवसाला कॅलेंडरवर चांदणी, रात्री हातात मोजा, तोही त्याच्या मर्जीने.

एवढ्यानेही सवय सुटली नाही तर? अमेरिकेतल्या केंटकीच्या हॅस्केल आणि मिंक या दंतवैद्यांनी १९९१ साली मांडलेली युक्ती मला फार आवडते. टाळूपाशी तारेवर सहा बाजूंचा एक छोटा रूळ बसवायचा आणि मुलाला सांगायचं, जिभेने फिरवत बस. अंगठा नुसता अडवायचा नाही, तोंडाला दुसरं खेळणं द्यायचं.