ताईत, मुखवटा आणि विजेचा मीटर

खोट्या पैशाचं मला जुनं वेड आहे. लहानपणी ‘नवा व्यापार’चा डाव मोडला, बाकीचे पोहायला गेले, तरी मी त्या रंगीत नोटा मोजत बसलेला असायचो. पुढे नेटकॅफेच्या काळात ‘रूनस्केप’ हाती लागला आणि नोटांची जागा पिवळ्या नाण्यांच्या ढिगाने घेतली. हा खेळ ब्राउझरमध्येच चालायचा, संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नसे, त्यामुळे कॅफेवाला कुरकुर करत नसे. खेळाडू म्हणून मी सुमारच. पण ही नाणी खऱ्या पैशाच्या रांगेत कधी जाऊन बसतात आणि त्यांना तिथे कोण बसवतं, हे कुतूहल काही सुटलं नाही. त्याचा माग काढत गेलो आणि पोचलो थेट शंभर वर्षांपूर्वीच्या हेगमधल्या एका दंतवैद्यापाशी.

या दंतवैद्याला विजेचं बिल भरायचं नव्हतं. हेग नगरपालिकेच्या मीटरमध्ये तो एक बारीक सळई खुपसायचा; चकती थांबायची, वीज मात्र येत राहायची. पकडला गेल्यावर त्याने जो बचाव केला, तो आजही डच कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. वीज ही वस्तूच नव्हे, असं त्याचं म्हणणं. ती दिसत नाही, हातात धरता येत नाही. मग मी नेलं तरी काय? २३ मे १९२१ रोजी डच सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. वीज निर्माण करावी लागते, ती एकाकडून दुसऱ्याकडे देता येते, ती कोणाच्या तरी ताब्यात असते आणि तिला मोल असतं; चोरीसाठी एवढं पुरे, असं न्यायालय म्हणालं. रुग्णांचे दात कोरता कोरता या गृहस्थाने मालमत्तेच्या व्याख्येलाच भोक पाडलं, आणि त्या भोकातून ९१ वर्षांनी एक ताईत बाहेर आला.

ही हकीकत लेउवार्डनची. उत्तर नेदरलँड्समधलं हे शहर, काळ सप्टेंबर २००७. दोन शाळकरी मुलांनी १३ वर्षांच्या एका मुलाला गाठलं, लाथाबुक्क्यांनी बडवलं, सुरी दाखवून धमकावलं. त्याच्या खिशातलं त्यांना काहीच नको होतं. त्याला रूनस्केपच्या खात्यात लॉगिन करायला लावलं आणि त्याच्या पात्राकडचा एक ताईत नि एक मुखवटा आपल्या पात्राकडे वळता करून घेतला. मारहाणीच्या गुन्ह्याबद्दल वाद नव्हता. पण ही चोरी होते का?

बचावाच्या वकिलांनी दंतवैद्याचीच वाट धरली, फक्त भाषा नवी होती. ताईत म्हणजे निव्वळ माहिती, पडद्यावरचा आभास. शिवाय या खेळात एकमेकांच्या वस्तू हिसकावणं हाच तर डाव आहे, मग तक्रार कसली? हा दुसरा मुद्दा मला बेरकी वाटतो आणि न्यायालयानेही तो गांभीर्याने घेतला. उत्तर असं मिळालं, की खेळाच्या नियमांत राहून हिसकावणं निराळं आणि खेळाबाहेर, घरात, हाडामांसाच्या मुलाला तुडवून हिसकावणं निराळं. खेळाच्या नियमांत ही रीत कुठेच बसत नाही.

पहिल्या मुद्द्यावरचं उत्तर मात्र मी अनेकदा वाचलं आहे. ३१ जानेवारी २०१२च्या निकालात डच सर्वोच्च न्यायालयाने त्या ताईताची बाजारातली किंमत काढत बसण्याचा खटाटोप केला नाही. मुलाने तो मिळवायला वेळ आणि कष्ट घातले होते. त्याला तो मोलाचा वाटत होता आणि चोरांनाही वाटत होता, नाहीतर त्यांनी मारलं कशाला असतं? तो फक्त त्या मुलाच्या ताब्यात होता आणि या कृत्यामुळे त्याचा ताबा गेला. बस. अपील करणाऱ्या मुलाला शेवटी १४४ तास समाजसेवेची शिक्षा झाली. ताईताचा कागदोपत्री मालक कोण, खेळणारा की खेळ चालवणारी कंपनी, हा गुंता न्यायालयाने सोडवला नाही. निकाल उभा आहे तो ताब्यावर आणि घामावर.

आपल्याकडे हाच प्रश्न विजेच्याच निमित्ताने आला होता आणि उलट्या दिशेने सुटला. आकडा टाकून वीज घेण्याला आपण बोलताना चोरीच म्हणतो, पण ‘अवतारसिंग विरुद्ध पंजाब राज्य’ या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७८च्या अर्थाने ती चोरी नाही, कारण वीज ही जंगम मालमत्ता नाही. ती गुन्हा ठरत होती ती १९१०च्या वीज कायद्याने तिला चोरी ‘मानलं’ म्हणून. त्या कायद्याखालची फिर्याद ठरावीक अधिकाऱ्यांनी किंवा बाधित व्यक्तीनेच करायला हवी होती, ती तशी झालेली नव्हती, म्हणून आरोपी सुटला. हा निकाल नागपूरहून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९६५च्या खंडात आहे. जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्ता मूर्त असायला हवी, अशी अट होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येतून ती अट गळली आहे. पुण्यातल्या एखाद्या पोराचा ताईत कोणी असाच हिसकावला, तर वकिलांना आता वाद घालायला नवी जागा मिळेल.

लेउवार्डनच्या तारखेकडे पुन्हा जरा बघा. सप्टेंबर २००७. आणखी चार महिन्यांनी ती पोरं त्या मुलाला कितीही मारती, तरी ताईत त्यांच्या हाती लागला नसता, कारण तोवर रूनस्केपमधला मुक्त व्यापारच बंद झाला होता. खेळाच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं भांडण.

केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा खेळ. अँड्र्यू गावर आणि त्याच्या भावाने जानेवारी २००१मध्ये तो सुरू केला. यात नाणं मुख्यतः दोन वाटांनी जन्माला येतं. राक्षस-प्राणी मारले की त्यांच्याकडून पडतं, किंवा ‘हाय अल्केमी’ नावाच्या मंत्राने बहुतेक कुठलीही वस्तू वितळवून तिच्या ठरलेल्या मोलाच्या ६० टक्के नाणी करता येतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या हातात टांकसाळ. रिझर्व्ह बँक नाही, पतधोरण नाही. पैसा आटवायचा तर दुकानं, दुरुस्त्या, दंड अशाच वाटांनी. एका खणात नाण्यांची संख्या २,१४,७४,८३,६४७च्या पुढे जात नाही, कारण संगणकाचा आकडाच तिथे संपतो. खेळाडूंच्या लेखी तो कुबेराचा आकडा.

असा पैसा असला की तो विकणारे येणारच. लोकांनी दिवसरात्र ड्रॅगन मारायचे, नाणी साठवायची आणि खेळाबाहेर डॉलर घेऊन खेळाच्या आत ती हातावर ठेवायची. या धंद्याला ‘गोल्ड फार्मिंग’ म्हणतात. चीनमधल्या अशा कारखान्यांवर आणि त्यावरच्या डाव्या-उजव्या मतांवर इतकं लिहून झालं आहे, की मी त्यात भर घालत नाही. फक्त एक आकडा घेऊन पुढे जातो: एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळाचा हिशेब मांडला, तेव्हा खेळणाऱ्याची ताशी कमाई ३.४२ डॉलर निघाली.

डिसेंबर २००७मध्ये जॅगेक्सने एक निवेदन काढलं. कंपन्या सहसा असं लिहीत नाहीत. हा धंदा बुडवल्याशिवाय आम्हाला गत्यंतर नाही, असं त्यात जवळजवळ कबूलच केलं होतं. खेळातल्या महागाईची किंवा समतेची चिंता हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. सोनं विकणारे चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सभासदत्व घेत होते; खरा कार्डधारक तक्रार करायचा, बँक पैसे परत काढून घ्यायची, दंडही बसायचा, आणि अशा तक्रारी वाढल्या की कार्डाचा व्यवहारच बंद होण्याची पाळी. उपाय जालीम केला. खेळातल्या जंगली मुलखात एकमेकांना मारून लूट करणं बंद. जानेवारी २००८पासून देवघेवीच्या दोन्ही बाजूंचं मोल जुळलं पाहिजे, फरक साधारण ३,००० नाण्यांचा. जमिनीवर टाकलेली वस्तू दुसऱ्याला दिसेनाशी झाली. मित्राला भेट देता येईना, उसनं देता येईना, ठकवताही येईना. खरेदी-विक्रीसाठी नोव्हेंबरमध्येच उघडलेला ‘ग्रँड एक्स्चेंज’ हा बाजार, तिथेही भाव कंपनीने आखलेल्या पट्ट्यात.

खेळाडूंनी खेळातल्याच चौकांत गर्दी करून निदर्शनं केली, हजारोंनी खेळ सोडला. त्यांचा राग मला रास्त वाटतो. दान करता येत नाही असा पैसा कूपनच्या लायकीचा. पण कंपनीची कोंडीही खरी होती. आणि ज्यांच्यामुळे हे झालं ते सोनं विकणारे या वादात कुठेच बोलत नव्हते. दोन्ही बाजूंना ते फक्त कीड म्हणून ठाऊक होते.

तीन वर्षांनी जॅगेक्सने जनमत घेतलं. १२ लाख मतं पडली, ९१ टक्के मुक्त व्यापाराच्या बाजूची. १ फेब्रुवारी २०११ला तो परत आला, त्याबरोबर बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्रॅमही परत आले, आणि ऑक्टोबरात एका फटक्यात १५ लाख खाती बंद करावी लागली. २०१३मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ निघाला. त्यासाठी कंपनीने ऑगस्ट २००७ची जपलेली प्रत बाहेर काढली. भांडणाच्या आधीचा, लेउवार्डनच्याही आधीचा महिना.

सोनं विकणाऱ्यांत पुढे व्हेनेझुएलाचे लोक आले; ते ज्या खेळात उतरले तो हा ओल्ड स्कूल. त्यांच्या देशात तेव्हा काय चाललं होतं, ते नाण्यांच्या भाषेत सांगतो. बोलिव्हार या त्यांच्या चलनावरची शून्यं २००८मध्ये तीन कापली, २०१८मध्ये पाच, २०२१मध्ये सहा. एकूण चौदा. २०१८ची महागाई त्यांच्या मध्यवर्ती बँकेने स्वतः कबूल केलेली १,३०,०६० टक्के. महिन्याचं किमान वेतन काळ्या बाजारातल्या दराने काही डॉलरवर आलेलं. त्याच वेळी जंगली मुलखाच्या पूर्वेकडे हिरवे ड्रॅगन मारून हाडं आणि कातडी गोळा केली, ग्रँड एक्स्चेंजवर विकली, की तासाला पाच लाखांच्या आसपास नाणी सुटत. दहा लाख नाण्यांचा चोरबाजारातला भाव २०१७च्या सुमारास साधारण एक डॉलर. म्हणजे ताशी अर्धा डॉलर. कॅस्ट्रोनोव्हाच्या आकड्याच्या सातव्या हिश्श्याइतका; पण तो डॉलर होता आणि सकाळी कमावलेला संध्याकाळीही तेवढाच राहत होता. कौशल्य असेल, आणि वीज व इंटरनेट टिकलं, तर झुलरा नावाच्या सर्पिणीला मारून याहून बरंच जास्त मिळे. रूनस्केपचं नाणं सरकारी चलनापेक्षा स्थिर, हा अजब प्रकार ‘इकॉनॉमिस्ट’नेही २०१९च्या नोव्हेंबरमध्ये छापला.

आणि सप्टेंबर २०१७मध्ये रेडिटवर एक मार्गदर्शिका आली. शीर्षकाचा मथितार्थ: पूर्वेच्या ड्रॅगनांपाशी व्हेनेझुएलावाल्यांना कसं मारावं. खेळातलंच मारणं, पण लक्ष्य राष्ट्रीयत्वावरून ठरवलेलं. ते कुठे उभे असतात, त्यांना कसं गाठायचं, वगैरे. लिहिणाऱ्याच्या बाजूने म्हणायचं, तर या मुलखात मारामारी नियमात बसते. डच न्यायाधीशांनी आखलेली रेघ इथे कोणी ओलांडत नव्हतं. त्या पानाखाली मोठा वाद पेटला. कोणी म्हणे हे लोक भाव पाडतात, जागा अडवतात, नियम मोडतात. कोणी म्हणे हे त्यांचं आजचं जेवण आहे. नियम ते मोडत होते, यात शंका नाही. पण बॉट नव्हते. माणसं होती, आणि एकाच चौकोनात तासन्‌तास तेच ते करत होती.

माझं मन इथे त्या डच निकालाकडे जातं. वेळ आणि कष्ट घातले, ताबा आहे, मोल आहे, म्हणून ती वस्तू चोरता येण्याजोगी. ही कसोटी लेउवार्डनच्या मुलाला लागू पडते, तर काराकासमधल्या माणसाला तिपटीने लागू पडते. त्याने तर खेळण्यातली मजाही घेतली नव्हती. तरी कंपनीने त्याचं खातं बंद केलं आणि चार कोटी नाणी गेली, तर त्याला कोणी चोरी म्हणणार नाही. करारात लिहिलेलं असतं, की सगळं कंपनीचं. खेळाडूला वापरायला दिलेलं. मला हा करार कोत्या मनाचा वाटतो. तो रद्द करावा असं मात्र म्हणवत नाही, कारण चोरीच्या कार्डांची गोष्टही मी वाचली आहे.

कंपनीने स्वतःसाठी एक वाट मात्र उघडली. मार्च २०१५पासून ओल्ड स्कूलमध्ये ‘बाँड’ मिळतो. खरे पैसे देऊन कंपनीकडून घ्यायचा, ग्रँड एक्स्चेंजवर नाण्यांना विकायचा. विकत घेणारा तो मोडून १४ दिवसांचं सभासदत्व मिळवतो. पैशाने नाणी घेता येतात, नाण्यांचे पैसे करता येत नाहीत. झुलरापर्यंत पोचायला सभासदत्व लागतंच, आणि ज्याच्याकडे आंतरराष्ट्रीय कार्ड नाही त्याने हेच करायचं: आठवडाभर मारलेल्या ड्रॅगनांच्या नाण्यांतून बाँड घ्यायचा. तो बाँड युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या कोणीतरी कंपनीकडून रोख पैसे मोजून घेतलेला असतो, कारण त्याला नाणी हवी असतात आणि ड्रॅगन मारायला वेळ नसतो. त्याला ती नाणी व्हेनेझुएलातल्या माणसाने मिळवून दिली, डॉलर केंब्रिजला जमा झाले, आणि त्या माणसाला कामावर यायची परवानगी आणखी चौदा दिवसांनी वाढवून मिळाली.