प्रवासातून घरी काय आणायचं?

घरसजावटीबद्दल बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो, "तुम्हाला कल्पना सुचतात कुठून?" प्रवासात सुचतात, आणि रोजच्या रस्त्यावरही सुचतात. पण एवढंच सांगून थांबले, तर तुम्हीही माझ्यासारखी चूक कराल. म्हणून आधी ती चूक सांगते.

कच्छच्या बन्नी भागात मातीची गोल घरं आहेत. त्यांना भुंगा म्हणतात. भिंती जाड, खिडक्या लहान. आतल्या भिंतींवर माती आणि शेण कालवून उठावाची नक्षी काढतात आणि तिच्यात छोटे छोटे आरसे बसवतात. आपण अंगण लिंपतो, त्याच लिंपण्याचं हे देखणं रूप. मी पाहून हरखले आणि तशाच आरसेकामाची एक मोठी थाळी घेऊन आले. हैदराबादच्या आमच्या भाड्याच्या घरात ती हॉलमध्ये, बाल्कनीसमोरच्या भिंतीवर लावली. झालं काय, तर सकाळचं ऊन आरशांवरून थेट डोळ्यांत यायचं. महिनाभरात मी तिच्यावर ओढणी टाकली!

त्याच वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले. एका रात्री बाथरूमकडे जाताना अंधाऱ्या पॅसेजमध्ये ते पडले. मनगट मुरगळण्यावर निभावलं. पण पुढे माझ्या लक्षात आलं, की रात्री उठावं लागू नये म्हणून बाबा संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. ट्यूबलाइट रात्रभर चालू ठेवली तर त्यांना झोप येत नव्हती.

तेव्हा मला भुंगा आठवला. तिथे ते आरसे कशासाठी होते? आत उजेड कमी, म्हणून एका दिव्याचा उजेड भिंतीभर खेळवण्यासाठी. नक्षी सुंदर होतीच, पण ती कामाचीही होती. मी थाळी आणली होती, तिचं काम मात्र तिथेच सोडून आले होते.

मग थाळी पॅसेजमध्ये नेली. समोर, गुडघ्याच्या उंचीवर, एक मंद पिवळा दिवा लावला. मुख्य काम दिव्याचंच, पण आरशांनी तो उजेड दोन्ही भिंतींवर पसरवला. डोळ्यांवर तिरीप नाही आणि पायाखालचं दिसतंय.

तेव्हापासून कुठलीही गोष्ट आवडली की मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. ही गोष्ट इथे का आहे? ती कोणतं काम करते? माझ्या घरात तसं काम कुठे अडलंय?

तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागाचं उदाहरण घ्या. तिथल्या आत्तंगुडी गावात हाताने फरश्या बनवतात. काचेवर लोखंडी साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, वर वाळू-सिमेंटचा थर देतात आणि मग फरशी पाण्यात मुरवतात. भट्टी लागत नाही. काचेमुळेच तिला गुळगुळीतपणा येतो. आता भाड्याच्या घरात फरशी उखडता येत नाही. पण तिथल्या वाड्यांत मी एक गोष्ट पाहिली. जिथे जमीन रंगांनी भरलेली होती, तिथे भिंती पांढऱ्या, शांत होत्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. घरी येऊन मी हॉलच्या भिंतीवरच्या अर्ध्या तसबिरी उतरवल्या आणि एक रंगीत सतरंजी अंथरली. बाबांचा पाय घसरू नये म्हणून खाली रबरी जाळी घातली.

यासाठी लांब जायलाच हवं असंही नाही. आमच्या बाथरूमचा उंबरठा आणि फरशी एकाच राखाडी रंगाची होती, त्यामुळे बाबांना पायरी कळायची नाही. उपाय सापडला रेल्वे स्टेशनवर. फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी आपण रोज पाहतो, ती काम करते कारण तिचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा असतो. मी उंबरठ्यावर पिवळी चिकटपट्टी लावली. खर्च किरकोळ. पाहुणे विचारतात, "हे काय?" मी म्हणते, "आमचा फलाट."

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, नाहीतर बेळगावला, पुढच्या वेळी काही आवडलं तर फोटो जरूर काढा. पण त्याखाली एक ओळ लिहा, ती वस्तू तिथे का आहे. उजेड कुठून येत होता, भिंत कशाची होती, लोक तिथे बसत होते की नुसते जात-येत होते? खरेदी नंतर करा. कदाचित करावीही लागणार नाही.

आता बाबांच्या उशाशी रात्री पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो. सकाळी तो रिकामा असतो.